कोपराला जागा

बंद पडलेल्या क्लबातलं बिलियर्ड्सचं टेबल त्याने मोठ्या हौसेने घरी आणलं खरं, पण बाहेरची खोली पडली अरुंद. कडेला चिकटलेला लाल चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये घालायला काठी मागे ओढली, की तिचं बूड थाडकन भिंतीवर आपटायचं आणि शॉट हुकायचा. रोज संध्याकाळी प्लास्टरचे टवके उडायचे आणि रोज त्याचं तेच पालुपद, "ही दळभद्री भिंत आड आली नसती ना, तर डोळे मिटून घातला असता!"

भिंतीपलीकडे आईची खोली होती. ती थाडथाड ऐकून ऐकून शेवटी तीच कंटाळली. "पाडून टाक बाबा एकदाची," ती म्हणाली. "मला काय, पाठ टेकायला स्वयंपाकघरसुद्धा चालेल."

भिंत पडली. आईची खाट ओट्याशेजारी गेली. त्या संध्याकाळी त्याने ऐसपैस काठी मागे ओढली आणि मारला शॉट. चेंडू पॉकेटच्या तोंडावर आपटून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मारून मारून तो घामाघूम झाला, पण चेंडू काही आत जाईना. आई पार लांब, आपल्या जुन्या खोलीतल्या खिडकीपाशी पाण्याचा पेला घेऊन कौतुकाने बघत उभी होती.



मागे वळूनही न बघता तो खेकसला, "आई, सरक ना तिथून! कोपर अडतंय माझं."