टॉवरचा फोन

इंजिन हवेतच बंद पडलं, तरी शर्वरीने प्रशिक्षणाचं छोटं विमान ओसाड माळावर कसंबसं उतरवलं. ती बाहेर आली. जमिनीवरून विमानाचा रेडिओ विमानतळाच्या टॉवरपर्यंत पोचत नव्हता. मोबाइलला मात्र थोडी रेंज होती.

तिने टॉवरचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. तिकडे आपण गेलोच असं समजत असतील, या विचाराने तिला एका जागी उभं राहवेना. विमानाभोवती फेऱ्या मारत ती नंबर लावतच राहिली.

अखेर फोन लागला.

"हॅलो, शर्वरी खरात..."

"बाई, तिचं अजून काही कळलेलं नाही," पलीकडचा माणूस थकून म्हणाला. "सगळे तिचीच चौकशी करताहेत. लाइन मोकळी ठेवा."

"अहो, मी शर्वरीच बोलतेय."

पलीकडे त्याने कुणाला तरी जोरात हाक मारली. मग फोनवर तिचे प्रशिक्षक आले. चुकीला माफी न देणारे.

"कुठे लागलंय का?"

"नाही सर. पण विमानाचं पुढचं चाक मोडलं. पंखही..."

"चाकाचं राहू दे गं," ते म्हणाले, आणि त्यांना पुढे बोलताच येईना.