आठवड्याची गोळी

शेवंतीबाईंनी जीभ बाहेर काढून दाखवली. गोळी गेली होती.

"गिळलंय गो," त्या म्हणाल्या आणि रोजच्यासारख्या कवळी धुवायला मोरीत गेल्या.

सुनेनं, प्रांजलनं, पाकीट कपाटात ठेवलं. गोळी 'डी' जीवनसत्त्वाची, आत तेल भरलेली, सासूच्या ठिसूळ हाडांसाठी. कांदिवलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आठवड्याला एकच. हे चरबीत विरघळतं, अंगात साचत जातं. जास्त झालं तर किडन्यांची वाट लागते."

"असं होय," प्रांजल म्हणाली होती. दुसऱ्या दिवसापासून ती रोज एक देऊ लागली.

एका खोलीत नऊ वर्षं झाली होती. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तरी पडद्याआड कुजबुजावं लागे. प्रांजलला म्हातारी नकोशी झाली होती, इतकं ते साधं होतं.

चाळीत मात्र तिचं कौतुक. सासूला स्वतःच्या हातानं औषध देणारी सून आजकाल मिळते कुठे?

सासूलाही ते जाणवत असावं. जेवताना तुपाची वाटी त्या स्वतःकडेच ठेवत आणि पहिली धार प्रांजलच्या भातावर धरत. "साकीनाक्याक दिसभर एसीत बसतंस. उन्हाचो पत्तो नाय. गुडघे दुखतत मां तुजे? खा."

प्रांजल निमूट खायची. थोडेच दिवस राहिलेत, म्हातारीचं मन कशाला मोडा.

तीन महिने झाले. म्हातारी टुणटुणीत. प्रांजलला मात्र तहान भागेना, अन्नाचा वास नको झाला. कामाचा ताण, म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. मग एके दुपारी ती ऑफिसातच कोसळली.

"किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात," हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले. "अंगात 'डी' जीवनसत्त्व भयंकर साचलंय. रोज गोळ्या घेत होतात?"

"मी? एकपण नाही."

डॉक्टर मान हलवत निघून गेले. पाठोपाठ शेवंतीबाई डबा घेऊन आल्या. खाटेशी बसून त्यांनी मऊ भातावर तूप घातलं. मग गालात बोट घालून, निघताना मुलानं दिलेली गोळी बाहेर काढली, पदराची टाचणी तिला टोचली आणि आतलं तेल तुपात पिळलं.

"माज्या म्हाताऱ्या हाडांका कित्याक व्हयी ही ताकद?" त्या मायेनं म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून सगळी तुकाच घातलंय. एकय गोळी फुकट जावक दिलंय नाय."