खोटा सांगावा

सांगावा आला तेव्हा चांगुणा लेकीच्या खेळाच्या चड्डीत नाडी ओवत होती.

शिरूरहून आलेल्या पहिल्या एसटीचा कंडक्टर दारात उभा राहिला. टोपी काढून म्हणाला, "बाई, तुमची आई गेली. पहाटं. तिथल्या स्टँडवर निरोप दिला, दौंडला कळवा म्हणून."

झालं! चांगुणानं जो हंबरडा फोडला तो रेल्वेच्या अख्ख्या चाळीनं ऐकला. शेजारची गिताबाई पिठाच्या हातानंच धावत आली.

"दम्यानं बेजार हुती, पर अशी जाईल असं वाटलं न्हवतं गं!" चांगुणा ऊर बडवत होती. "जत्रंत बाईमाणसानं आखाड्याकडं बघू नये म्हणायचे, तवा बैलगाडीवर उभी राहून कुस्त्या बघायची माझी आई! धाकट्या चांगदेवाच्या येळंला कळा सुरू झाल्या, तरी शेवटची कुस्ती चितपट झाल्याबिगर गाडीवरनं उतरली न्हाई!"

रंभा भिंतीला टेकून बसली. सोळा वर्षांची पोर, दौंडच्या मुलींची खो-खोची कप्तान. दुपारी तीनला तालुक्यांचा शेवटचा सामना, समोर बारामतीच्या पोरी. जिंकली तर जिल्ह्याच्या संघात निवड आणि पुढचं शिक्षण. हरली तर वैशाखात लग्न. तिच्या बापानं, मच्छिंद्रानं, तसं साफ सांगून टाकलं होतं. रेल्वेत गँगमन असलेल्या त्या हेकट गड्याकडून एवढा तरी शब्द रंभाच्या आजीनं, सोजरबाईनंच पदरात पाडून घेतला होता. जावई असला म्हणून काय झालं? म्हातारी त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली होती आणि शब्द मिळेपर्यंत उठली नव्हती.

आता आजीच गेल्यावर कसला सामना नि कसलं काय! रंभानं चड्डीची घडी घातली आणि ट्रंकेत टाकली.

दहाच्या सुमाराला दारात फटफटी थांबली. चांगुणाचा धाकटा भाऊ चांगदेव उतरला. धुळीनं माखलेला, डोळे लालभडक. त्याला बघून चांगुणानं पुन्हा गळा काढला.

चांगदेव उंबऱ्यातच थबकला. बहिणीकडं बघितलं, रंभाकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. मग कपाळावर हात मारला.

"आक्का, रडू नगं. खोटा सांगावा हाय त्यो!"

"आँ?"

"काल सांजच्याला अंगणात आईच्या डोक्यावर कावळा बसला. मग काय करायचं? माणूस गेल्याचा सांगावा लांबच्या नातलगाला धाडायचा. त्यांनी रडायचं, म्हंजी येणारं मरण टळतं. तुला ठावं न्हाई व्हय?"

रीत चांगुणाला ठाऊक होती. चाळीतल्या साऱ्या बायांना ठाऊक होती. मग चांगुणानं हाताला लागलं ते लाटणं भावाच्या अंगावर फेकलं.

"मुडद्या! आधी सांगून ठिवायला काय झालं हुतं?"

"सांगितल्यावर रडली असतीस व्हय?"

गिताबाई आधी हसली. मग सगळी चाळ हसली. "आवुक वाढलं गं म्हातारीचं! आता शंभरी गाठती बघ!"

चांगुणा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. जीव कसा भांड्यात पडला होता! मघाशी रडत सांगितलेलं सारं आता ती हसून हसून पुन्हा सांगू लागली. बैलगाडी, जत्रा, कळा, सगळं. वर आणखी भर घातली. "साठीत काष्टा मारून पोरींत हुतूतू खेळली! आन् पकडली तर म्हणती कशी, मला न्हाई, माझ्या लुगड्याला धरलं, मी बाद न्हाई!"

"चिडकी हुती," चांगदेव म्हणाला. पहिल्यांदाच जरासा हसला.

चांगुणानं चहा पुढं केला. त्यानं कप बाजूला सारला. "उपास हाय माझा. तू पोरीचं आवर. आईनं बजावलंय, डाव झाला की दोघींना घिऊनच ये."

रंभानं ट्रंक उघडली.

मैदानावर ही गर्दी! शेवटच्या पाळीत रंभा एकटीच बाद व्हायची राहिली. दीड मिनिट बाकी. बारामतीच्या उंच पोरी मागं लागलेल्या आणि ही खांबाला वळसा घालून पाटीच्या या अंगाला, त्या अंगाला. चांगुणाचा घसा बसला. बापही ड्युटी टाकून आला होता आणि "पळ गं पोरी, पळ!" करत होता. हा तोच मच्छिंद्र, बरं का! शिट्टी वाजली तेव्हा दौंड एका गुणानं जिंकलं होतं. बापानं लेकीला सगळ्यांदेखत खांद्यावर उचललं. वैशाखाचं नाव आता तो काढणार नव्हता.

चांगदेव मात्र कुंपणाला टेकून गप उभा होता.

चांगुणानं कोपऱ्यावरून पावशेर पेढे घेतले. हायसं वाटून ती भावापाशी आली.

"पयला पेढा आईला. निघू या लगीच. वाट बघत बसली असंल बघ म्हातारी."

चांगदेवानं पुडा तिच्या हातून घेतला. पोरींच्या घोळक्यात रंभा लांबवर नाचत होती. तिच्याकडं एकदा बघून घेतलं, आणि मग तो बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता रडून घे, आक्का. सकाळचा सांगावा खराच हुता. कावळ्याची हूल आईनंच मला शिकवून ठिवली हुती."