आईचा पहिला शब्द

मुलीने डबा हलवला, डोळे मिटले आणि चिठ्ठी काढली.

इंग्रजीच्या क्लासमधल्या सरांचा तसा दंडकच होता. घोकंपट्टी नको, सकाळी डब्यातून एक चिठ्ठी काढायची आणि संध्याकाळपर्यंत तो शब्द खऱ्याखुऱ्या वाक्यात वापरायचा. चिठ्ठी ज्याने काढली, शब्द त्याचा. ऑफिसात फोन घेण्याच्या कामावरून उठून साहेबांच्या सेक्रेटरीच्या खुर्चीत बसायचं, तर असे भारदस्त शब्द तोंडात हवेतच.

आणि प्रसंग शोधत फिरावं लागत नव्हतं. 'डिलॅपिडेटेड', म्हणजे मोडकळीला आलेलं, हा शब्द निघाला त्या दिवशी साहेबांची खुर्ची साहेबांसकट खाली आली. 'क्लॅन्डेस्टाइन', म्हणजे चोरूनमारून केलेलं, हा निघाला तेव्हा हिशेबनीस आणि टायपिस्ट जिन्याखाली सापडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणून ती पोट धरून हसली होती. पुढेपुढे मात्र ती चिठ्ठी भीतभीत उलगडू लागली.

आज निघाला 'बिरेव्ड'.

तिने तो मोठ्याने वाचला आणि डिक्शनरी उघडली. ज्याचं जवळचं माणूस नुकतंच गेलं आहे, असा.

समोर आई वाटाणे सोलत बसली होती. घरात दोघीच, जवळचं म्हणावं असं दुसरं होतं कोण? मुलीने चिठ्ठी घडी करून डब्यात टाकली, सगळ्या चिठ्ठ्या खालीवर केल्या आणि पुन्हा एक काढली. तोच शब्द.

"काय गं, अवघड आहे का आजचा?" आईने विचारलं.

"काही नाही. आज सुट्टी शब्दांना."

तिने डबा फळीवर पार मागे सारला. आज शब्द काढायचाच नाही. न काढलेला शब्द काय करणार? ती आंघोळीला गेली.

तयार होऊन, पर्स खांद्याला लावून बाहेर आली, तर डबा आईच्या मांडीवर आणि एक चिठ्ठी आईच्या हातात.

"तुला कंटाळा आला, तर म्हटलं मीच काढते," आई लाजत म्हणाली. "रोज तुझं ऐकून मलाही हौस आली बघ. वाच ना, काय निघालं मला?"

मुलीने चिठ्ठी घेतली. एवढ्या चिठ्ठ्यांमधून तीच आली होती. पण ती आईने काढली होती, म्हणजे शब्द आईचा. बिरेव्ड होणारा माणूस मागे राहतो. आईला काहीच होणार नव्हतं. मुलीचा जीव भांड्यात पडला.

पण तो क्षणभरच. आईचं तरी जवळचं दुसरं होतं कोण?

"मघाचाच दिसतोय," आई तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "बिरेव्ड. बरोबर ना? 'आय अ‍ॅम' तर मला येतं. त्याच्यापुढे लावू?"

खाली ऑफिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. मुलीचा हात दाराच्या कडीवर होता. ती कडी ना तिला उघडवेना, ना सोडवेना.

"आय अ‍ॅम बिरेव्ड," आई पुटपुटली आणि खुदकन हसली. "तू जा हो. संध्याकाळपर्यंत चांगलं बसवते जिभेवर."