बुटकीचं इंद्याल

बुटकीला हार घालून लग्नाच्या मांडवात आणलं, तेव्हा पाहुण्यांच्या पानात तिच्याच मांसाचं इंद्याल, लग्नातलं ते आंबट-तिखट कालवण, वाढलेलं होतं. वसईकडच्या काळ्या, आखूड पायांच्या गावठी जातीतली ती शेवटची डुकरीण. तिच्या मांडीतून चिमूटभर मांस काढायचं आणि कारखान्यातल्या टाकीत हवं तेवढं वाढवायचं, अशी आता रीत पडली होती. सुरी नाही की किंकाळी नाही.

"जीव न घेता चव मिळते, मग पाप कसलं?" असं म्हणून सबीनानेच कारखान्याला होकार दिला होता. बुटकीला बाटलीने दूध पाजून वाढवलंही तिनेच.

पहिली पंगत उठली. उष्टं डुकरापुढे टाकायची सवय कुणाचीच सुटलेली नव्हती. कुणीतरी भरली पत्रावळ बुटकीपुढे सरकवली. सबीना ओरडेपर्यंत ती मचमच खायलाही लागली. मसाल्याचा लाल ओघळ हनुवटीवरून हारावर उतरला. सबीना पत्रावळ ओढून घ्यायला धावली.

"खाऊ दे गं, तिलाही कळू दे स्वतःची चव!" तिचा नवरा रेमेत हसत म्हणाला.

पत्रावळ चाटूनपुसून झाल्यावर बुटकीने हवा हुंगली. मग मान वळवून स्वतःची मांडी हुंगली, चाटली आणि सावकाश तिच्यात दात रोवले.

बुटकीची किंकाळी फुटली, पण जबडा सुटेना. सबीना दोन्ही हातांनी तो उघडू लागली. मागे दुसरी पंगत पानांवर बसून होती.

"सबीनाबाय, आधी इंद्याल वाढ," कुणीतरी म्हणालं. "निवतंय."