सोलेताची मुलगी

"मावशी, अजून एकदा. जरा तरुण आवाजात," दिग्दर्शक बोयेट म्हणाला.

लिओनिला दिमायुगा एकाहत्तर वर्षांची होती. सकाळपासून ती मारिकिनातल्या आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, दुसऱ्याच कुणाच्या तरी नारिंगी ब्लाउजमध्ये बसली होती. चारी बाजूंनी दिवे भाजत होते. पंखा आवाज करतो म्हणून बंद ठेवला होता. सोलेता या नारिंगी थंड पेयाच्या कंपनीला आपल्या जुन्या जाहिरातींवर फिल्म काढायची होती, आणि लिओनिलाशिवाय ती पुरी होणार नव्हती. तिच्या विशीतली ती जाहिरात अजून साऱ्या फिलिपिन्सला पाठ होती. 'घोटभर ऊन, गार गार ऊन.'

तिला मात्र त्या ओळीचा वीट आला होता. ती रीतसर शिकलेली गायिका. कुंदिमान, म्हणजे झुरणाऱ्या प्रेमाची जुनी गाणी, हा तिचा जीव की प्राण. पण कुठल्याही लग्नात ती कुंदिमान गायला उभी राहिली की मागून कुणीतरी म्हणायचंच, आधी ते नारिंगी होऊन जाऊ द्या. ती शाळेत शिकवायची तेव्हा फळ्याकडे वळली की वर्ग तेच गुणगुणायचा. नवऱ्याला पुरून परतताना पाद्रीबाबांनी तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, सोलेताची मुलगी ती तुम्हीच ना. त्यानंतर तिने चारचौघांत गाणंच सोडलं. आज ती कबूल झाली ती एका अटीवर, की फिल्मच्या शेवटी तिचं एक कुंदिमान घ्यायचं.

ती पुन्हा गायली. बोयेट आणि कंपनीकडून आलेली जेनिका कोपऱ्यात कुजबुजले. मग जेनिका तिच्याजवळ येऊन बसली आणि फार गोड शब्दांत तिने समजावलं. आवाज सुंदरच आहे, पण लोकांच्या कानात हा आवाज नाही. तेव्हा जुनी टेप लावू, मावशींनी नुसते ओठ हलवायचे.

"आणि माझं कुंदिमान?"

त्याचं वेळेनुसार बघू, असं जेनिका म्हणाली. लिओनिलाला काय ते कळलं.

टेप लागली. कंपनीच्या गोदामातून काढून ती इतकी स्वच्छ केली होती, की पोरगी जणू आत्ता खोलीत उभी राहून गात होती. लिओनिलाने मान तिरकी केली. पुन्हा लावायला सांगितली. शेवटच्या 'ऊन'च्या आधी ती पोरगी हळूच एक श्वास चोरत होती.

"हा आवाज माझा नाही," लिओनिला म्हणाली.

जेनिका हसली. इतक्या वर्षांनी आपलाच आवाज ओळखू येत नाही, असं होतं म्हणाली.

"मी म्हातारी झालेय, बहिरी नाही. ही पेर्ला आहे."

दोघी चर्चमध्ये एकत्र गायच्या. त्या चोरट्या श्वासापायी पेर्लाने सिस्टरच्या छड्या खाल्ल्या होत्या. जाहिरातीसाठी कंपनीच्या माणसांनी दोघींकडूनही ती ओळ गाऊन टेप करून घेतली होती. मग लिओनिलाचा गोरा रंग आणि सरळ नाक बघून त्यांनी तिला कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि सावळ्या पेर्लाला बाटल्यांची एक पेटी देऊन घरी पाठवलं. त्या काळच्या खरखरत्या रेडिओवर आवाज कुणाचाही वाटला असता. लिओनिलाने तो आपलाच धरला होता.

तिने तिथूनच पेर्लाला फोन लावला. पलीकडे तेल तडतडत होतं. पेर्ला केळी तळत होती. लिओनिलाने सरळ विचारलं.

"माहीत होतं की," पेर्ला म्हणाली. "पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हाच ओळखलं."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"बोलणार होते. पण लोक तुला दुसरं काही धड गाऊ देईनात. म्हटलं, असू दे तुझंच ते." तिने झारा कढईवर आपटला. "मी आपली सुखाने कुंदिमान गात राहिले. परवाच एका लग्नात गायले. कुणी मधे बोललं नाही."

लिओनिला म्हणाली, आत्ताच्या आत्ता इकडे ये, हा ब्लाउज अंगात घाल आणि या खुर्चीत बस.

"माझं तोंड त्यांना तेव्हा नको होतं. आता कशाला हवं असेल?" पेर्ला म्हणाली. केळी करपतायत म्हणत तिने फोन ठेवला.

लिओनिलाने जेनिकाला सांगितलं, निदान पेर्लाचं नाव तरी घाला. जेनिकाने निःश्वास सोडला. मंजुरी मिळालेली होती, लिओनिलाच्या चेहऱ्याचे फलक छापून झाले होते, आणि लोकांचं प्रेम मावशींवर होतं. आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार होतं? बोयेटने घड्याळाकडे बघितलं आणि टेप सुरू करायची खूण केली.

लिओनिलाने हात मांडीवर ठेवले. ओठ घट्ट मिटून ती सरळ कॅमेऱ्यात बघत राहिली. खोलीभर पेर्ला गात होती. चोरट्या श्वासापाशी लिओनिलाचे डोळे जरा हलले, ओठ हलले नाहीत. गाणं संपलं.

बोयेट बराच वेळ कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिला.

"हेच ठेवू," तो जेनिकाला हळूच म्हणाला. "आठवणीत कशा हरवून गेल्यात बघ."