वयाचा तक्ता

साम्य

"घड्याळ आणि नकाशा. दोघांत सारखं काय?"

क्रेनचालकाने डोकं खाजवलं. टाक्यांची जागा अजून हुळहुळत होती.

"दोन्ही भिंतीवर टांगतात."

एक गुण. वरवरचं सांगितलं की एक, मुळाशी गेलं की दोन. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि समोर बसलेल्या मानसतज्ज्ञ बाईही सांगणार नव्हत्या.

"बरोबर का, मॅडम?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"मग नुसता डोळा मिचकावा. बहीण बाहेर बसलीय, तिला काही कळणार नाही."

बाईंनी डोळा मिचकावला नाही. पुढचा प्रश्न विचारला.

आकडे, उलटे

त्या आकडे म्हणत, तो ते शेपटाकडून परत म्हणे. चार जमले. पाच जमले. सहा झाले तेव्हा मधले दोन कुठेतरी गळले. दुसऱ्या खेपेलाही गळले. भाग संपला.

सगळेच भाग असे होते. सोप्यातून अवघडात, माणूस चुकेपर्यंत. चुकल्याशिवाय सहसा कोणीच सुटत नाही. पण त्याला वाटलं, आपणच बुडतोय.

न्हाणीघरात पाय घसरला, डोकं आपटलं, झालं होतं ते एवढंच. पण बंदराचे डॉक्टर हटून बसले. बुद्धिमापनात पंच्याऐंशी तरी मिळव आणि क्रेनवर चढ, नाहीतर घरी बस. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती त्याला वर हवी होती. सकाळी केबिनच्या काचेखाली जहाजं यायची, आ वासून मुकाट उभी राहायची आणि तो एकेकाच्या पोटातून पेट्या उचलायचा. खाली त्याला कुत्रं विचारत नसे. वर तो राजा होता.

ठोकळे

लाल-पांढरे ठोकळे. चित्रात आहे तशी नक्षी जुळवायची. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं.

इथे तो निवांत झाला. ठोकळा उचलायचा, फिरवून बघायचा, नीट टेकवायचा, मगच हात काढायचा. नक्षी एकही बिघडली नाही. लवकर करणाऱ्याला जादा गुण होते, ते सगळे हुकले. शेवटची नक्षी तर वेळ संपल्यावर पुरी झाली. म्हणजे शून्य.

"फार सावकाश करता हो तुम्ही." बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"क्रेनवर घाई करणारा माणूस, मॅडम, एकदाच घाई करतो."

निकाल

अक्काला आत बोलावलं. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याच्या वतीने बोलायचा मक्ता जन्मापासून तिच्याकडे.

"किती पडले?" बसायच्या आधीच तिने विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"शंभरात चौऱ्याऐंशी! ढब्या, अरे शाळेत तर तू कधी..."

"शंभरात नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "नुसत्या गुणांना अर्थ नसतो. ते वयाच्या तक्त्यात बघायचे. त्या वयाच्या माणसांची सरासरी म्हणजे शंभर. हे त्रेसष्टचे. त्यांच्या वयोगटात हे येतात चौऱ्याऐंशीवर."

"म्हणजे एकाने गेलं?"

"एकाने."

क्रेनचालक आपल्या हातांकडे बघत बसला. मग अक्काच्या कपाळावर आठी पडली.

"पण हा त्रेसष्टचा कुठाय?"

"कागदावर तसंच..."

"कागदाचं काय घेऊन बसलात! पहिलीत घालायच्या वेळी हा घोडा झालेला. गुरुजी घेईनात. बाबांनी उभ्या उभ्या तीन वर्षं खाली ओढला. सहासष्ट पुरा आहे हा. पाळण्यातून पाडलाय मी याला, मला नाही माहीत?"

"मला कधी बोलली नाहीस!" तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

(पुढचा भाग परीक्षेत नाही)

बाईंनी तक्त्याचं पान उलटलं. पासष्ट ते एकोणसत्तर. तीच उत्तरं, तेच गळलेले आकडे, तेच सावकाश ठोकळे. ओळीवर बोट ठेवत त्या खाली आल्या.

"एक्क्याण्णव."

अक्काने टाळी वाजवली. "बघ! चढ आता!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ते वय मी धरीन. पण ते अहवालात लिहावं लागेल आणि अहवाल बंदराच्या डॉक्टरांकडे जाणार."

अक्काचे हात हवेतच राहिले.

"आणि बंदरात पासष्टला घरी पाठवतात," ती पुटपुटली. "कशाला तोंड उघडलं ग बाई मी! त्रेसष्ट लिहिलं तर याचं डोकं अधू, सहासष्ट लिहिलं तर हा म्हातारा. इकडे आड, तिकडे विहीर. क्रेन दोन्हीकडून गेली."

क्रेनचालक बोटांवर काहीतरी मोजत होता. मोजून झालं. पुन्हा एकदा मोजलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. अक्का घाबरून उठली. तिला वाटलं, रडतोय. तो हसत होता.

"मॅडम, सहासष्ट लिहा."

"अरे येड्या, उरलेली दोन वर्षं गेली की तुझी!"

"कुठली उरलेली?" डोळे पुसत तो म्हणाला. "अक्का, मी वर्षापूर्वीच निवृत्त झालोय. आणि तरी वर बसून रोज जहाजं बघत होतो."